सिंथेटिक मॉप ब्रश: खान्देशच्या उन्हात वापरल्यानंतर

जलरंगासाठी दिवाळीनंतर हा मॉप, म्हणजे फुगीर पोटाचा मऊ ब्रश, घेतला; आता पावसाळा लागलाय. मधला अख्खा उन्हाळा यावल-रावेरच्या केळीबागांत आणि तापीकाठी त्याचा कस लागला. माझं मत ठाम झालंय: मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो त्या मुलखात ब्रशचं टोक किती बारीक यापेक्षा त्याच्या पोटात पाणी किती मावतं, हे आधी बघावं.

८ नंबरच्या गोल ब्रशने आकाश रंगवताना दुसऱ्यांदा रंग भरेपर्यंत पहिल्या फटकाऱ्याची कड वाळते आणि आडवे पट्टे दिसतात. मॉप एकदा भरला की लहान कागदावरचं आकाश एका दमात उतरतं. बोर्ड जरा कलता ठेवायचा आणि खालच्या कडेला साचलेला रंग पुढच्या फटकाऱ्याने ओढत न्यायचा.

सातपुड्याच्या धुरकट रांगांसाठी अल्ट्रामरीन निळ्यामध्ये थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, लांबच्या रांगेला पाणी जास्त. ओल्यावर ओला रंग सोडायचा असेल तर ३०० जीएसएमचा जाड सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवा आणि सकाळी लवकर बसा. झळा सुरू झाल्या की कागदावरची चकाकी बघता बघता जाते. ती गेल्यावर ओला ब्रश पुन्हा टेकवू नका, वेड्यावाकड्या कडांचे डाग पडतात.

खरा आनंद केळीच्या पानात! टोक टेकवा, पोट दाबा, वळवत उचला: एका फटकाऱ्यात पान तयार. रंग ओलसर असतानाच निथळलेल्या सपाट ब्रशने मधल्या दांड्यापुरता तो उचलून घ्या. थॅलो ग्रीन हा तयार हिरवा रंग कागदात मुरतो, नीट उचलला जात नाही. मी अल्ट्रामरीन आणि पिवळा मिसळूनच हिरवा करतो.

लळिंग किल्ल्याच्या काळ्या कातळाला मात्र हा ब्रश चालत नाही. केस मऊ, दाबल्यावर परत उसळत नाहीत, त्यामुळे कोरड्या ब्रशचा खरखरीतपणा येत नाही. तिथे झिजलेला गोल ब्रश उत्तम. बाभळीच्या काटक्यांना लांब केसांचा बारीक रिगर ब्रश हवाच.

टिकाऊपणा चांगला. सुरुवातीला दोनचार केस गळले, नंतर नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याने केस कडक व्हायला लागले होते. साध्या साबणाने धुऊन शेवटी प्यायच्या पाण्यातून काढतो, तेव्हापासून मऊ आहेत. वाळवताना आडवा ठेवा, उभा ठेवला तर पाणी पत्र्याच्या टोपीत उतरून दांड्याचा रंग सुटतो.

आणि दुकानात कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश पुढे केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याची विक्री गुन्हा आहे, आणि त्या केसांसाठी मुंगसं मारली जातात.