जीलिबसीत बग सापडला: डिस्ट्रोचा पॅच टाकायचा की व्हर्जनच वर न्यायचं?

लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीत मोठा बग सापडल्याची बातमी आली की सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपवर दोनच सल्ले फिरायला लागतात, एक म्हणतो डिस्ट्रोने (उबुंटू, डेबियन यांसारखी लिनक्सची तयार आवृत्ती देणाऱ्यांनी) पॅच म्हणजे दुरुस्तीचा तुकडा दिलाय तो टाक आणि मोकळा हो, दुसरा म्हणतो एवढी जुनी लायब्ररी ठेवलीसच कशाला, सगळं नवीन रिलीजवर ने. माझं मत आधीच सांगतो, ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि बातमी आली त्या घाईत दुसरं काम अंगावर घेऊ नका. पण याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. जीलिबसी म्हणजे उबुंटू, डेबियन, फेडोरा, रेड हॅट या सगळ्यांवर जवळपास प्रत्येक प्रोग्राम जिच्यावर चालतो ती रनटाइम लायब्ररी. मेमरी मागणं, फाइल उघडणं, डोमेनच्या नावावरून आयपी शोधणं, थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं), तारखा, अक्षरांचा क्रम, सगळं तिच्यातून जातं. मूळ प्रोजेक्ट दर सहा महिन्यांनी, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या आसपास नवीन व्हर्जन काढतो. डिस्ट्रोवाले त्यातलं एक धरतात आणि तिथेच थांबतात, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६, उबुंटू २४.०४ मध्ये २.३९, रेड हॅट ८ मध्ये २.२८ आणि ९ मध्ये २.३४. पुढे जे बग सापडतात त्यांचे फिक्स याच जुन्या कोडवर बसवून देतात, त्याला बॅकपोर्ट म्हणायचं. म्हणजे प्रश्न असा की हा बॅकपोर्ट पुरतो का.

वेगाचं बघायचं तर बॅकपोर्टच पुढे आहे आणि बराच पुढे आहे. एप्रिल २०२४ मध्ये आयकॉन्व्हचा, म्हणजे मजकुराचं एन्कोडिंग बदलणाऱ्या भागाचा, बग जाहीर झाला, सीव्हीई-२०२४-२९६१ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या बगला मिळणारा जाहीर नंबर). एका चिनी कॅरॅक्टर सेटमध्ये मजकूर बदलताना बफरच्या, म्हणजे त्यासाठी राखलेल्या मेमरीच्या, बाहेर जेमतेम काही बाइट लिहिले जायचे, चारपेक्षा जास्त नाही, आणि हा कोड चोवीसेक वर्षं तसाच पडून होता. एवढ्याशा बाइटने काय होणार असं वाटेल पण ज्याने तो शोधला त्याने पीएचपीच्या सर्व्हरवर थेट आपला कोड चालवून दाखवला. आता हा फिक्स ज्यात पहिल्यापासून आहे ते व्हर्जन २.४०, ते आलं जुलैमध्ये. मोठ्या डिस्ट्रोंचे पॅच त्याच्या कितीतरी आधी आले होते. जो नवीन व्हर्जनची वाट बघत बसला त्याचा पीएचपी सर्व्हर मधले तीन महिने उघडा. त्यामुळे नवीन व्हर्जन म्हणजे जास्त सुरक्षित हे गणित इतकं सरळ नाहीये.

उलट कधीकधी बग नवीन व्हर्जनमध्येच आलेला असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वालिस या सिक्युरिटी कंपनीने लूनी ट्यूनेबल्स नावाचा बग जाहीर केला, सीव्हीई-२०२३-४९११, लोकल युजरला थेट रूट म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा मिळत होता, आणि तो बग शिरला होता २.३४ मध्ये. उबुंटू २२.०४ वाल्यांना धावपळ करावी लागली, २०.०४ वाले २.३१ वर निवांत होते. पण म्हणून जुना आकडा बघून निश्चिंत होऊ नका, कारण रेड हॅट ८ चा आकडा २.२८ असूनही तिथे पॅच काढावा लागला, नवीन कोडमधला तो बदल त्यांनी आधीच मागे आणून बसवला होता आणि त्याच्याबरोबर बगही आला होता.

यातूनच पुढचा मुद्दा येतो जो ऑडिटवाल्यांशी बोलताना फार उपयोगी पडतो. नुसत्या २.३५ किंवा २.२८ या आकड्यावरून काहीही कळत नाही. काही साधे स्कॅनर एवढाच आकडा वाचतात आणि रिपोर्टमध्ये लाल खूण टाकून मोकळे होतात, मग मॅनेजर विचारतो की पॅच टाकला म्हणालात ना. खरी माहिती डॅशच्या पुढच्या भागात असते, डिस्ट्रोच्या पॅकेज नंबरात, आणि पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीईचा नंबर शोधला की लगेच कळतं फिक्स आत आहे की नाही. तो चेंजलॉगचा तुकडा रिपोर्टला जोडून द्या, वाद तिथेच मिटतो. नवीन व्हर्जनवर गेलात तर ही कटकट कमी होते हे मान्य करायला हवं, पण फक्त स्कॅनर गप्प करायला अख्खी ओएस बदलणं मला पटत नाही.

आता बॅकपोर्ट कुठे कमी पडतो ते.

पहिली गोष्ट, डिस्ट्रो मागे तेच आणते जे तिला महत्त्वाचं वाटतं. २०१५ च्या जानेवारीतला घोस्ट आठवत असेल, सीव्हीई-२०१५-०२३५, डोमेनच्या नावावरून आयपी शोधणाऱ्या गेटहोस्टबायनेम फंक्शनमधला बफर ओव्हरफ्लो, सन २००० च्या २.२ व्हर्जनपासूनचा. क्वालिसवाल्यांनी एक्झिम मेल सर्व्हरवर दुरून हल्ला करून दाखवला होता. यातली खरी बोचणारी गोष्ट ही की मूळ प्रोजेक्टमध्ये तो मे २०१३ मध्येच दुरुस्त झाला होता आणि २.१८ मध्ये फिक्स होता! पण त्या वेळी तो साधा बग समजला गेला, सिक्युरिटीचा शिक्का बसला नाही, म्हणून डेबियन ७, उबुंटू १२.०४, रेड हॅट ६ यांच्यात तो मागे आलाच नाही. रेड हॅट ७ तर जून २०१४ मध्ये बाजारात आलं, फिक्स होऊन वर्ष उलटल्यावर, तरी त्यातल्या २.१७ मध्ये भोक तसंच होतं. नवीन व्हर्जन वापरणारा माणूस इथे काहीही न करता वाचला. बॅकपोर्टच्या पद्धतीतला हा दोष आहे आणि तो आजही आहे, ज्या बगला नंबर मिळाला नाही तो मागे येईलच याची खात्री नाही.

दुसरं, सिक्युरिटीचे नसलेले पण जीव खाणारे बग. पीथ्रेड कंडिशन व्हेरिएबलचा (थ्रेडला झोपवून सिग्नल आला की उठवणारी यंत्रणा) बग २५८४७ हे त्याचं उत्तम उदाहरण. २.२५ मध्ये त्याचा अल्गोरिदम नव्याने लिहिला गेला आणि त्यात एक अगदी क्वचित घडणारी चूक राहिली, सिग्नल दिला तरी झोपलेला थ्रेड उठतच नाही. प्रोग्राम क्रॅश होत नाही, लॉगमध्ये काही नाही, सीपीयू शून्यावर, नुसता अडकून बसतो, रीस्टार्ट केला की ठीक. २०२० मध्ये रिपोर्ट झाला आणि मूळ कोडमध्ये फिक्स यायला २०२५ चा जानेवारी उजाडला, व्हर्जन २.४१. ज्यांचं ॲप्लिकेशन खूप थ्रेड वापरतं आणि महिन्यातून एखाद्या वेळी कारण नसताना लटकतं त्यांनी हा बग नंबर आपल्या डिस्ट्रोच्या चेंजलॉगमध्ये जरूर शोधावा. सापडला नाही तर वर जायला हे सबळ कारण आहे, माझ्या मते सीव्हीईच्या बातमीपेक्षाही सबळ.

आणि तिसरं, फिक्स स्वतःच बग आणू शकतो. सिसलॉगमध्ये (सिस्टमच्या लॉगमध्ये नोंद लिहिणारं फंक्शन) एक किरकोळ सीव्हीई होता, २०२२-३९०४६. त्याच्या दुरुस्तीचा कोड २.३७ साठी लिहिला गेला आणि २.३६ वरही मागे आणला गेला, आणि त्या दुरुस्तीतच हीप ओव्हरफ्लो निघाला जो जानेवारी २०२४ मध्ये सीव्हीई-२०२३-६२४६ म्हणून जाहीर झाला, यातूनही रूट मिळत होतं. डेबियन १२ आणि फेडोरा ३७ ते ३९ सापडले. इथे पॅचवाला आणि नवीन व्हर्जनवाला दोघंही सारखेच अडकले, त्यामुळे हा मुद्दा कोणाच्याच बाजूने वापरता येत नाही, फक्त पॅच टाकल्यावरही पुढच्या सूचनांवर लक्ष ठेवायचं एवढं कळतं.

आता व्हर्जन वर नेण्याची किंमत, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण नुकसान इथे होतं.

२.२८ व्हर्जन, ऑगस्ट २०१८. त्यात अक्षरक्रमाचा डेटा नवीन आयएसओ १४६५१ प्रमाणे बदलला. ऐकायला अगदी चांगली गोष्ट, आणि आहेच. पण पोस्टग्रेस डेटाबेस मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स (शोध पटकन व्हावा म्हणून केलेल्या सूची) जीलिबसीने सांगितलेल्या क्रमाने रचून डिस्कवर ठेवतो. लायब्ररी बदलली, क्रम बदलला, डिस्कवरचा इंडेक्स मात्र जुन्याच क्रमाचा. साधं उदाहरण, यूएस इंग्लिश लोकॅलमध्ये '११' आणि '१-१' (इंग्रजी आकड्यात टाइप केलेले) सॉर्ट केले तर आधी '११' वर यायचं, २.२८ पासून '१-१' वर येतं. परिणाम काय तर टेबलमध्ये रो आहे पण शोधलं तर सापडत नाही, आणि युनिक लावलेल्या कॉलममध्ये तीच नोंद दोनदा शिरते, एरर वगैरे काही येत नाही. डेबियन ९ वरून १० ला, रेड हॅट ७ वरून ८ ला, उबुंटू १८.०४ वरून २०.०४ ला जाणाऱ्या सगळ्यांच्या वाटेत हे होतं. मास्टर म्हणजे मूळ डेटाबेस जुन्या ओएसवर आणि रेप्लिका म्हणजे त्याची प्रत नवीन ओएसवर ठेवून हळूहळू सरकू असा विचार केला तर रेप्लिकावर चुकीची उत्तरं मिळणार. उपाय आहे, वर गेल्यावर मजकुराचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधायचे, नावं-पत्ते मराठीत असलेले कॉलम धरून सगळे. कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) सी ठेवलं असेल तर त्रास नाही, आणि पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसचं कोलेशन व्हर्जन जुळत नसेल तर वॉर्निंग येते ती दुर्लक्षू नका. मोठ्या डेटाबेसला हे रीइंडेक्स काही तास खातं, आणि शुक्रवारी रात्री सीव्हीईच्या घाईत हे कोणाच्या लक्षात राहणार सांगा. बॅकपोर्टेड पॅचमध्ये असला बदल येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

बाकीचे पटापट सांगतो. २.३४ पासून थ्रेड बनवायला क्लोन३ हा नवीन सिस्टम कॉल वापरला जायला लागला आणि कंटेनर चालवणारं डॉकर २०.१०.१० च्या आधीचं असेल तर त्याच्या सेककॉम्प फिल्टरमुळे (कोणते सिस्टम कॉल चालू द्यायचे ते हा ठरवतो) नवीन उबुंटू किंवा फेडोराच्या इमेजमध्ये थ्रेडच तयार होईनात. २.३६ मध्ये लायब्ररी बांधताना फंक्शनची नावं शोधायचं जुनं डीटी-हॅश टेबल गाळलं गेलं तर काही गेमचं अँटी-चीट बंद पडलं, आर्चवाल्यांनी ते परत घातलं. २.४१ मध्ये एक्झिक्युटेबल स्टॅक (ज्यातून कोडही चालवता येतो अशी मेमरी) मागणारी लायब्ररी चालू प्रोग्राममध्ये डीएलओपनने लोड करणं बंद झालं, सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच, पण जुने बंद-सोर्स प्लगइन त्यामुळे लोड होत नाहीत. यातलं एकही जीलिबसीचं नुकसान म्हणून सांगत नाहीये, यातले बरेच बदल चांगले आहेत, पण ते टेस्ट करायला वेळ लागतो आणि तो वेळ ठरवून काढावा लागतो.

वर जावंच लागतं अशी एक परिस्थिती रोजच्या कामात येते ती म्हणजे नवीन सॉफ्टवेअर चालतच नाही, जीलिबसी २.२८ नॉट फाउंड अशी एरर येते. नोड १८ ला (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) २.२८ लागतं, सेंटओएस ७ वर २.१७ आहे, विषय संपला, तिथे कितीही पॅच टाकले तरी उपयोग नाही कारण बॅकपोर्ट नवीन सिम्बॉल (प्रोग्राम लायब्ररीकडे मागतो ती फंक्शनची नावं) देत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवतं की दुसऱ्या मशीनवरून नवीन लायब्ररीची फाइल कॉपी कर. कृपा करून हे करू नका. लोडर (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा) आणि लायब्ररी यांची जोडी तुटली की एलएस चालत नाही, एसएसएच चालत नाही, आणि दूरच्या डेटा सेंटरमधल्या मशीनला रेस्क्यू मोडमध्ये नेण्याशिवाय पर्याय राहत नाही. कंटेनर वापरा किंवा ओएस बदला.

दोन्ही मार्गांना लागू असलेली एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. पॅकेज अपडेट झालं म्हणजे फिक्स लागू झाला असं नाही, चालू असलेले प्रोसेस जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसलेले असतात. नीडरीस्टार्ट हे टूल सांगतं कोणते ते, पण जीलिबसीच्या बाबतीत यादी एवढी लांब येते की सरळ रीबूट करावं. आणि होस्टला पॅच टाकला म्हणून कंटेनर सुरक्षित होत नाहीत, प्रत्येक इमेजमध्ये आपली वेगळी लायब्ररी असते, त्या नव्याने बिल्ड कराव्या लागतात. स्टॅटिक लिंक केलेले (लायब्ररी आतच भरून बांधलेले) प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावे लागतात, ते वेगळंच.

तर कोणी काय करावं. सपोर्ट चालू असलेल्या डिस्ट्रोवर प्रॉडक्शन सर्व्हर आहे, डेटाबेस आहे, तर आज डिस्ट्रोचा पॅच आणि रीबूट, दुसरा विचारच नको. ओएसचा सपोर्ट संपलाय, तर बॅकपोर्ट येणारच नाही, तेव्हा अपग्रेडची तारीख ठरवा आणि तोपर्यंत तो बग उघडा पडणारं जे काही असेल ते बंद करा, जसं आयकॉन्व्हच्या वेळी तो कॅरॅक्टर सेट कॉन्फिगमधून काढून टाकता येत होता. थ्रेड लटकण्यासारखा बग आहे आणि डिस्ट्रो फिक्स देत नाही, तर टेस्ट मशीनवर नवीन व्हर्जन लावून आपलं ॲप्लिकेशन भरपूर लोडखाली चालवा, फरक दिसला तरच वर जा. स्वतःची इमेज बांधणारे असाल तर मधला एक रस्ता आहे, मूळ प्रोजेक्ट जुन्या रिलीजच्या ब्रँचवरही फिक्स टाकत असतो, त्याच व्हर्जनवर राहून ती ब्रँच घेता येते. डेव्हलपरचा लॅपटॉप असेल तर बिनधास्त नवीन घ्या, उलट पुढच्या वर्षी सर्व्हरवर काय मोडणार ते तिथे आधी कळेल.

आणि डेटाबेस असलेल्या मशीनवर अपग्रेड ठरलंच असेल तर आधी कोलेशन कोणतं आहे ते तपासा, मजकुराच्या इंडेक्सची यादी काढा, बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर अख्खी तालीम करून रीइंडेक्सला किती वेळ लागतो ते मोजा, आणि मगच डाउनटाइमची वेळ मागा.