रोइंग क्लबात आठ महिने: बोट चालवली कमी, पुसली जास्त

पहिल्याच आठवड्यात मी क्लबच्या बोटीला ग्रीस लावलं होतं, तिथूनच सुरू करतो. माझं भुसावळला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर सबमर्सिबल नि मोनोब्लॉक पंप, त्यामुळे बेअरिंग कोरडं दिसलं की हात आपोआप ग्रीसच्या डब्याकडे जातो. रोइंगच्या बोटीत सीट चार छोट्या चाकांवर पुढेमागे सरकते, खाली दोन पट्ट्या असतात त्यांना स्लाईड म्हणतात. माझ्या सीटची चाकं चूं चूं करत होती म्हणून दुसऱ्या दिवशी घरून डबाच नेला, कोणाला न विचारता चारही चाकं नि दोन्ही पट्ट्या मस्त माखून टाकल्या. दोन दिवस सीट लोण्यासारखी. तिसऱ्या दिवशी काठावरची काळ्या मातीची धूळ त्यात बसून जे झालं ते म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट, गॅरेजवाल्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. क्लबात शिकवणारे सर ओरडले नाहीत. जुना बनियन, स्पिरिटची बाटली आणि कान कोरायच्या काड्या हातात दिल्या, म्हणे स्लाईडला काही लावायचं नसतं, फक्त पुसायचं असतं, रोज. दीड तास लागला मला. पाण्यावर त्या दिवशी गेलोच नाही.

तर हा आठ महिन्यांचा अनुभव. क्लबचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. जागा म्हणजे एका धरणाचं बॅकवॉटर, काठावर पत्र्याची शेड, आठ-नऊ बोटी, दोन रोइंग मशिनं, आर्मीतून रिटायर झालेले सर आणि वॉचमन आप्पा. खान्देशात रोइंग म्हटलं की लोक हसतात, आमच्या साडूने तर विचारलं की केळीच्या बागेत चालवणार का. पण आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ आर्मीत गेल्यावर वल्हं हातात धरून २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या सिंगल स्कल्सपर्यंत (एकटा माणूस, दोन वल्ही) पोचला, १३ वा आला, तो काय समुद्रकाठचा होता का? असो.

जॉईन करताना आधी पोहण्याची टेस्ट. मी लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलो, त्यामुळे फुल कॉन्फिडन्स, आणि तरी पहिल्यांदा नापास. पोहणं जमलं हो, ५० मीटर आरामात मारले, पण नंतर काठाजवळच बोट मुद्दाम उलटी करायला लावतात आणि मी वर आलो तो सरळ काठाकडे हात मारत सुटलो. सर म्हणाले बोट सोडली म्हणजे संपलं. उलटली तरी बोट तरंगते, तिच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असतात, आणि पाण्यात एकटं डोकं लांबून कोणाला दिसत नाही, सव्वाआठ मीटरची बोट दिसते. विहिरीत पोहणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो कारण विहिरीत काठ सगळीकडून जवळच.

दुसरं म्हणजे बूट. बूट बोटीला नट-बोल्टने फिक्स असतात, आपण पाय त्यात घालतो, आणि प्रत्येक बुटाच्या टाचेला एक दोरी खाली बांधलेली असते. मला वाटलं ती उगाच लोंबतेय, शिवाय तुटलेली, तसाच निघालो तर आप्पांनी जेटीवरून परत बोलावलं. बोट उलटली की आपण पाय ओढतो, दोरीमुळे टाच दोन-अडीच इंचाच्या वर उचलत नाही आणि पाय बुटातून सुटतो. दोरी नसेल तर बूट पायाबरोबर वाकत राहतो नि आपण डोकं खाली करून अडकलेले. दोन रुपयांची सुतळी आहे ती. तेव्हापासून मी बसायच्या आधी दोन्ही टाचा ओढून बघतो, नंतर पुढच्या टोकाचा रबरी पांढरा बॉल बघतो, तो शोभेचा नाहीये, आपण जायच्या दिशेला पाठ करून बसतो ना, कोणाच्या पाठीत टोक घुसू नये म्हणून आहे तो.

पाठ करून जाण्याचीच गंमत जास्त आहे. लाल रंगाचं वल्हं उजव्या हातात, हिरवं डाव्या, माझं पहिला महिनाभर उलटं व्हायचं. बोट जाते त्या दिशेच्या उजव्या बाजूने जायचं आणि दर पाच-सहा स्ट्रोकला मान वळवून मागे, म्हणजे खरं तर पुढे, बघायचं. मच्छीमार ट्यूबवर बसून जाळी टाकतात, त्या जाळ्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की तिथून लांब वळसा घ्यायचा हा नियम लिहिलेला नाही पण सगळ्यात कडक तोच आहे, कारण जाळं फाटलं तर भांडण होतं आणि ते लोक आपल्या आधीपासून तिथे आहेत.

आता मुख्य मुद्दा, सामान सांभाळणं. इथे खरं सांगतो, मी सुरुवातीला वैतागलो होतो. सकाळी साडेपाचला जा, बोट चौघांनी उचला, पाऊण तास पाण्यावर, आणि मग अर्धा तास धुणं-पुसणं! साध्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायची, पाणी काढायचं, मऊ कपड्याने पुसायची, स्लाईड पुसायची, वल्ही पुसून रॅकला उभी लावायची, लॉगबुकात वेळ लिहायची. न धुता ठेवली तर ५० रुपये दंड. (लॉगबुकाचं पेन दोरीने बांधलेलं आहे आणि आठ महिन्यांत एकदाही चाललेलं नाही, आपलं पेन न्या.)

पण बोट हातात घेऊन बघितली की कळतं. रेसची सिंगल बोट नियमाने कमीत कमी १४ किलोची, म्हणजे घरातल्या भरलेल्या गॅस सिलेंडरच्या निम्म्याहून कमी वजन आणि लांबी मात्र सव्वाआठ मीटर. आमच्याकडच्या शिकायच्या बोटी जड आणि रुंद आहेत, पण भिंत तशी पातळच. आत पाय ठेवायला दोन स्लाईडच्या मधे एकच फळी असते, तिथेच पाय, बाकी कुठेही वजन दिलं तर पाय आरपार. आमच्याकडे एक पाहुणे आले होते, फोटो काढायला रॅकवरच्या बोटीवर टेकून बसायला लागले, आप्पा लांबूनच ओरडले, "भाऊ, नाव शे ती, खाट नही!" पाहुणे रागावले, पण आप्पा बरोबर होते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो, झाकणं. ते हवाबंद कप्पे म्हणालो ना, त्यांना वरून गोल झाकणं असतात. पाण्यावर जाताना ती घट्ट बंद, नाहीतर उलटल्यावर कप्प्यात पाणी भरणार. आणि शेडमध्ये आल्यावर ती उघडी ठेवायची. मला वाटायचं काय कटकट आहे, आता लावा नंतर काढा. मे महिन्यात एका दुपारी शेडवर गेलो, बाहेर ४५, पत्र्याखाली किती असेल देव जाणे, एका बोटीची झाकणं कोणीतरी बंदच ठेवून गेलं होतं. आप्पांनी फिरवलं आणि फुस्सस्स, सोड्याची बाटली उघडावी तसा आवाज. आतली हवा तापून फुगलेली, ती जाणार कुठे, जोड उकलणार नाहीतर बोटीचं वरचं पातळ आवरण फुगणार. शिवाय आत ओल राहिली तर वास नि सडणं वेगळंच. तेव्हापासून मी शेडमधून निघताना सगळ्याच बोटींची झाकणं बघतो, माझी असो नसो. केळीच्या घडाला उन्हापासून जपतात तसं प्रकरण आहे हे, बोट उन्हात उलटी टाकून चहाला जायचं नाही.

एप्रिलमधे माझ्याकडून नुकसान झालं. पाणी उतरतं तशी बुडालेली बाभळीची खोडं वर येतात, आदल्या आठवड्यात जिथून गेलो तिथेच खट्ट. बोटीखाली एक छोटा पातळ फिन असतो, सरळ जायला, तो तुटला आणि बोटीच्या तळाला बोटभर चीर. मनात आलंच की गुपचूप रॅकवर ठेवून द्यावी. पण आधी एकाने तेच केलं होतं, दुसऱ्या बोटीची चीर लपवली, दोन आठवडे ती बोट तशीच पाण्यावर जात राहिली, आतल्या थरात पाणी मुरलं आणि बोट जड झाली ती झालीच, ती आता कोणी घेत नाही. नियम असा आहे की त्याच दिवशी सांगितलं तर अर्धा खर्च क्लब देतो, लपवलं तर पूर्ण तुमचा आणि महिनाभर बंदी. मी सांगितलं. फिन फारसा महाग नाही, चिरेवर वाळवून रेझिन भरलं, माझ्या वाट्याला झेपेल इतकंच आलं. हा नियम ज्याने केला त्याला माणसं कळतात भो.

रिगर म्हणजे वल्ही अडकवायचे बोटीच्या बाजूचे हात, त्यांचे बोल्ट १० नंबरच्या पान्याने. इथेही आमची खोड नडते, मोटारवाला माणूस शेवटचा पाव फेरा मारल्याशिवाय सोडत नाही. सर म्हणतात हाताने बसव, पान्याने नुसतं टाईट कर, थांब. जास्त आवळलं तर बोटीच्या भिंतीला तडा.

मशिनचं वेगळं. कन्सेप्ट टू कंपनीच्या रोइंग मशिनला चेन असते, तिला मात्र साधारण ५० तासांनी तेलाचा हात द्यायचा, सीट जिच्यावर धावते ती पट्टी रोज पुसायची. (शेवटी मला तेल लावायला काहीतरी मिळालं.) नवीन पोरं आली की बाजूचा लिव्हर थेट १० वर टाकतात, जिममधल्या वजनासारखं समजून. ते वजन नाही, पंख्यात हवा किती घ्यायची ते आहे, ४-५ वर ठेवा, कंबर वाचेल.

हवेचा नियम पण कडक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी इकडे पश्चिमेचा वारा काय सुटतो ते साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघितलेल्यांना सांगायला नको. लाटेवर पांढरा फेस दिसला की सिंगल बोटी बंद. गडगडलं की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आत जायचं नाही, मग वर कितीही निळं दिसो. ज्या वादळाने रावेर-यावलकडे केळी आडव्या होतात त्यात पाण्यावर कोण जाईल असं वाटतं, पण एक जण निघाला होता, आप्पांनी वल्हीच लपवली.

तक्रारी. बायकांसाठी कपडे बदलायला धड खोली नाही, एक संडास, त्याला कडी नाही, माझ्या बहिणीने दोन महिन्यांत सोडलं आणि मला तिला काही म्हणता आलं नाही. मे संपता संपता पाणी इतकं मागे गेलं की जेटी चिखलात बसली, तीन आठवडे बंद, फी मात्र पूर्ण घेतली, विचारलं तर "मशिन होतं ना". लाईफ जॅकेट सगळी एकाच मापाची. बुकिंग रात्री नऊला व्हॉट्सॲपवर, दोन मिनिटांत फुल, आणि तीच ती चार नावं, आता यात काय आहे ते सगळ्यांना माहिती आहे.

घाईतल्या माणसाने जाऊ नये. मला सिंगल बोट तीन महिन्यांनी मिळाली. ज्याला सामान पुसताना कंटाळा येतो त्याने जिम लावावी, स्वस्त पडेल. जायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास जा, पाणी भरलेलं असतं, खोडं खाली असतात आणि सकाळी हवा छान. फोन उचलत नाहीत, सहाच्या आत थेट शेडवर जाऊन आप्पांना भेटा. मी पुढच्या तिमाहीची फी अजून भरलेली नाही, जेटी चिखलातून वर आली की भरणार.