मालवण बाजारपेठेतलं आमचं मेडिकल

सासूबाईंना लघवीच्या इन्फेक्शनवर डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी नीट वाचली. "दुधावांगडा देव नको हां!" म्हणजे दुधासोबत देऊ नको; दुधातल्या कॅल्शियममुळे गोळी पुरेशी भिनत नाही.

मग खरी गंमत सांगितली. जिवाणूचा डीएनए उलगडताना त्याला पीळ पडतो. डीएनए गायरेज हे एन्झाइम तो कापतं, पीळ काढतं, पुन्हा जोडतं. गोळी या एन्झाइमला डीएनए कापल्यावरच अडकवते. डीएनए तुटकाच राहतो, जिवाणू मरतो. जाळ्याचा गुंता सोडवायला दोरा कापावा आणि गाठ मारायच्या आत कुणी हात धरावा, तसं.

सर्दीसाठी चिठ्ठीशिवाय हीच गोळी मागणाऱ्या पर्यटकाला त्यांनी सरळ परत पाठवलं. सर्दीच्या विषाणूत गायरेज असतंच कुठे? दुपारी दुकान बंद, सुट्टे कधीच नसतात (चॉकलेटं मात्र भरपूर). तरी औषधं इथूनच.