परीक्षक की सहस्पर्धक? वर्ल्डबिल्डिंग-स्पर्धेचा निकाल कोणाकडे सोपवावा

मैत्रीखातर एखादी ऑनलाइन वर्ल्डबिल्डिंग-लेखनस्पर्धा, म्हणजे स्वतःचे कल्पित जग रचून त्याचे वर्णन लिहिण्याची स्पर्धा, भरवायची म्हटली, की विषय, शब्दमर्यादा आणि मुदत या गोष्टी एका संध्याकाळच्या बोलण्यात ठरून जातात. खल होतो तो एकाच प्रश्नावर: आलेल्या प्रवेशिका वाचून त्यांचा क्रम कोणी लावायचा? दोन-तीन जाणत्या वाचकांना परीक्षक म्हणून विनंती करायची, की स्पर्धकांनीच एकमेकांचे लेखन वाचून पसंतीक्रम द्यायचा? मी या दोन्ही मार्गांनी एकेक फेरी घेतली आहे. दोन्ही वेळा प्रवेशिका १४ होत्या, शब्दमर्यादा १,५०० होती आणि स्पर्धकही बरेचसे तेच होते, त्यामुळे तुलना करण्यापुरता अनुभव माझ्या गाठीशी आहे. दोन फेऱ्यांवरून नियम सांगता येत नाही, हे मान्य करूनच पुढचे लिहितो आहे.

परीक्षकांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तेच तीन वाचक सगळ्या प्रवेशिका वाचतात, त्यामुळे प्रत्येक जगाची तुलना इतर प्रत्येक जगाशी होते. परस्परवाचनात ही गोष्ट सहजासहजी साधत नाही. स्पर्धकांवर लिहिण्यापलीकडे कोणतेही ओझे राहत नाही. निकाल बाहेरून आलेला असल्यामुळे ‘मला खालचा क्रमांक कोणी दिला’ हा विचार मित्रांच्या मनात घोळत नाही, आणि बक्षीस रकमेचे असेल तर हा मुद्दा फारच मोलाचा ठरतो. शिवाय चांगला परीक्षक मिळाला, तर त्याच्या एका परिच्छेदातून लेखकाला जे मिळते ते दहा हौशी अभिप्रायांतून मिळेलच असे नाही.

अडचण मेहनतीच्या हिशेबात आहे. १४ प्रवेशिका म्हणजे प्रत्येक परीक्षकाने २१,००० शब्द वाचायचे, तेही बिनमोबदला आणि आपले काम सांभाळून. त्यातही कल्पित जगाचे वर्णन गोष्टीसारखे एका दमात वाचून संपत नाही. तिसऱ्या परिच्छेदात नदी उत्तरेकडे वाहते असे सांगितलेले असते आणि सातव्या परिच्छेदात बंदर दक्षिणेला निघते. ते ध्यानात यायला मागे जावे लागते, पुन्हा वाचावे लागते. ज्याला हे सगळे वेळेत करता येत नाही तो परीक्षक आळशी असतो असे मी म्हणणार नाही. त्याच्यासाठी ते परक्याचे काम असते आणि परक्याचे काम रविवारवर ढकलले जाते.

पहिल्या फेरीत नेमके हेच झाले. आठ दिवसांत जाहीर व्हायचा निकाल एकविसाव्या दिवशी आला. उशीर मी समजू शकलो असतो; मला अस्वस्थ केले ते मधल्या शांततेने. पहिले चार-पाच दिवस स्पर्धक विचारत होते, एकमेकांना आपल्या जगाविषयी सांगायला उत्सुक होते, पण निकालाआधी लेखकाचे नाव फुटू नये म्हणून मीच त्यांना थांबवत होतो. दुसऱ्या आठवड्यात विचारणा कमी झाली आणि तिसऱ्यात कोणी विचारेनासे झाले. निकाल लावला तेव्हा तिघांनी तो उघडून पाहिल्याचीही खूण नव्हती.

त्या फेरीतली एक प्रवेशिका मला अजून जशीच्या तशी आठवते. खाडीच्या मुखाशी वसलेले एक शहर होते, जिथे न्यायसभा फक्त भरतीच्या वेळी भरायची. पाणी चढले की सभागृहाच्या पायऱ्या बुडायच्या, मग आत असलेल्या कोणालाही ओहोटी लागेपर्यंत बाहेर पडता येत नसे. वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश तिघेही पाण्याने कोंडलेले, आणि पाणी उतरायच्या आत निवाडा व्हायलाच हवा, असा तिथला कायदा. लेखिकेने पायऱ्यांवरच्या शेवाळाच्या रेघेपर्यंत सारे लिहिले होते. एकवीस दिवसांनंतर तिच्या प्रवेशिकेवर शेरा आला तो असा: ‘कल्पना छान. भाषा ओघवती.’ हे चार शब्द तिला पाठवताना मला अवघडल्यासारखे झाले. तिने आभार मानले आणि त्या शहराचा विषय तिथेच मिटला. माझ्या दृष्टीने निर्णय त्या दिवशी झाला, दुसरी फेरी घेण्याच्या कितीतरी आधी.

दुसऱ्या फेरीत परीक्षक नव्हते. प्रत्येक स्पर्धकाने पाच प्रवेशिका वाचायच्या, त्यांचा पसंतीक्रम लावायचा आणि प्रत्येक प्रवेशिकेवर त्या जगाविषयी किमान दोन प्रश्न लिहायचे, एवढाच नियम केला. स्तुती नको, सूचना नकोत, फक्त प्रश्न हवेत, असे मुद्दाम सांगितले. कारण हौशी माणूस अभिप्राय लिहायला बिचकतो, पण प्रश्न विचारायला बिचकत नाही.

त्याच लेखिकेने त्याच शहराचा पुढचा भाग पाठवला होता. त्यात न्यायसभा रोज भर दुपारी भरते असे तिने लिहिले होते. एका वाचकाने विचारले, ‘भरती रोज दुपारीच कशी येईल?’ प्रश्न रास्त होता. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि दुपारी बाराच्या सुमाराची भरती पुन्हा बाराला यायला जवळजवळ पंधरवडा लागतो. तिने तासाभरात उत्तर लिहिले, आणि ते उत्तर मूळ प्रवेशिकेहून सरस होते. शहराचे सगळे दिनमान आता भरतीमागे धावू लागले होते. मध्यरात्रीच्या सभेला मशाली लागत, म्हणून गरिबांचे दावे त्या दिवसांत मागे पडत. आणि दुपारची भरती पंधरवड्यातून एकदा येत असल्याने त्या एका दिवशी पायऱ्यांवर पहाटेपासून रांग लागे. एका चुकीतून त्या शहरात अन्याय जन्माला आला, आणि ते शहर खऱ्या अर्थाने जिवंत झाले. वर्ल्डबिल्डिंगमध्ये एका नियमाचा परिणाम दुसऱ्या गोष्टीवर कसा होतो हेच तर पाहायचे असते, आणि ते पाहायला गुणपत्रकापेक्षा प्रश्न कितीतरी अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

ही पद्धत काही नवी नाही. संगणकावरच्या मजकूरप्रधान खेळांची ‘आयएफकॉम्प’ ही स्पर्धा १९९५ पासून भरते. तिथे सामान्य वाचक-खेळाडूच परीक्षक असतात आणि मत ग्राह्य धरायला किमान पाच खेळांना गुण द्यावे लागतात. पाचाचा आकडा मी तिथूनच घेतला. खेळ तयार करण्याच्या ‘लुडम डेअर’ या २००२ पासूनच्या उपक्रमातही सहभागी मंडळीच एकमेकांच्या कामाला गुण देतात. दोन्ही ठिकाणी व्याप आपल्या घरगुती स्पर्धेच्या अनेक पटींनी मोठा आहे, तरी वाचनाचा भार वाटून घेण्याची युक्ती १४ जणांनाही लागू पडते.

वाटपाची रीत सोपी आहे, पण ती नीट करावी. सगळ्या प्रवेशिका चिठ्ठ्या टाकून एका वर्तुळात मांडाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्या पाच वाचाव्यात. यामुळे कोणाच्याही वाट्याला स्वतःचे लेखन येत नाही आणि प्रत्येक प्रवेशिकेला बरोबर पाच वाचक मिळतात. प्रवेशिका ११ किंवा त्याहून अधिक असतील तर आणखी एक गोष्ट आपोआप साधते: कोणतेही दोन स्पर्धक एकमेकांना वाचत नाहीत, त्यामुळे ‘तू मला वर ठेव, मी तुला ठेवतो’ याला वावच उरत नाही. वाचनाचा भार प्रत्येकी ७,५०० शब्दांचा होतो. सात दिवसांच्या मुदतीत तो कोणाला जड गेलेला मी पाहिला नाही.

गुण मागण्याऐवजी क्रम मागावा, हे मात्र आग्रहाने सांगेन. दहापैकी गुण मागितले की एकाचे सहा म्हणजे उत्तम असतात आणि दुसऱ्याचे आठ म्हणजे ठीकठाक. क्रमाला ५, ४, ३, २, १ असे गुण दिले की कडक आणि सढळ हाताचा फरक उरत नाही. ही रीत फ्रेंच गणिती बोर्दा याच्या नावाने ओळखली जाते. १७७० मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तिचा विचार मांडला होता. मनात काही धरून मत देणाऱ्यापुढे ती टिकत नाही हा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मैत्रीच्या स्पर्धेत तो सोसण्याजोगा आहे, एवढेच मी म्हणेन.

परस्परवाचनाचे दोषही मी पाहिले आहेत. पहिला दोष न वाचणाऱ्यांचा. आमच्यापैकी दोघांनी प्रवेशिका दिल्या आणि वाचन केलेच नाही. जो वाचणार नाही त्याची प्रवेशिका क्रमवारीत धरली जाणार नाही, हा नियम आधीच जाहीर केला असल्याने वाद झाला नाही. मात्र काही प्रवेशिकांना पाचाऐवजी चार किंवा तीनच वाचक मिळाले, म्हणून बेरीज न करता सरासरी काढावी लागली. दुसरा दोष वर्तुळाचाच आहे: एखाद्या प्रवेशिकेची तुलना फक्त तिच्या आजूबाजूच्या प्रवेशिकांशी होते, आणि शेजारी दोन-तीन जबरदस्त जगे येऊन बसली तर चांगले लेखनही मागे पडते. यावर उपाय म्हणून सरासरीत वर आलेल्या चार प्रवेशिका आम्ही शेवटी सगळ्यांना वाचायला दिल्या आणि त्यांचा क्रम सर्वांनी मिळून लावला. पाचव्या क्रमांकावर राहिलेल्यावर थोडा अन्याय झाला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. परीक्षकांच्या फेरीत ही शंका आली नसती.

तिसरी गोष्ट नकाशांची. सुरेख नकाशा जोडलेला असला की वाचक भुलतात, असा माझा समज आहे. पण परीक्षकही भुलतात, म्हणून हा मुद्दा मी कोणत्याच पारड्यात टाकत नाही. नकाशे निकालानंतरच दाखवायचे, असे ठरवले की प्रश्न मिटतो.

निनावीपणा दोन्ही मार्गांत सारखाच सांभाळावा लागतो आणि तो वाटतो त्याहून नाजूक असतो. वर्ड फाइलच्या माहितीत लेखकाचे नाव नोंदलेले राहते, हे पहिल्या फेरीत मला एका परीक्षकाने कळवले तेव्हा सगळ्या फाइली आधीच पाठवून झाल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येकाचा मजकूर मी साध्या रूपात घेऊन स्वतःच्या नव्या फाइलीत चिकटवतो आणि तिला फक्त क्रमांक देतो. मुदतीचेही एक सांगून ठेवतो: स्पर्धक वेगवेगळ्या देशांत असतील तर ‘पृथ्वीवर जिथे दिवस सर्वांत शेवटी मावळतो तिथली मध्यरात्र’, म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) उणे १२ तास, अशी वेळ जाहीर करावी. मग आपल्या घड्याळाप्रमाणे तारीख उलटायच्या आत लेखन पाठवणारा कोणीही उशिरा ठरत नाही.

आता निवड. प्रवेशिका आठाहून कमी असतील, सगळे एकमेकांची लेखनशैली ओळखत असतील किंवा बक्षिसात खरी रक्कम असेल, तर परीक्षक घ्यावेत. अशा वेळी परस्परवाचनाचा हट्ट धरू नये. मात्र दहा-बारा किंवा अधिक स्पर्धक असतील, आणि निकालानंतरही त्यांनी आपापल्या जगांत रमावे अशी तुमची इच्छा असेल, तर माझा कौल सहस्पर्धकांना आहे. पहिल्या फेरीत प्रत्येक जगाला तीन वाचक मिळाले आणि बहुतेकांना ते कधी जाणवलेच नाहीत. दुसऱ्या फेरीत वाचकांची संख्या थोडीच वाढली, पण बहुतेक प्रत्येक जगाच्या दारात आठ-दहा प्रश्न येऊन उभे राहिले, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे निकाल लागल्यावरही लिहिली जात होती.

परीक्षकांना मी अगदीच सोडलेले नाही. येत्या फेरीत पहिल्या फेरीतल्याच एका परीक्षकाला पुन्हा बोलावले आहे, पण गुण द्यायला नव्हे. निकाल लागल्यानंतर त्याने फक्त वर आलेली चार जगे वाचायची आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, एवढीच विनंती आहे. एकूण ६,००० शब्दांचे वाचन आहे. त्याने त्याच दिवशी होकार कळवला.