परदेशी स्टुडिओकडून धंद्याची पद्धत शिकायची: व्हिडिओ कॉल की प्रत्यक्ष भेट?

नागपूरच्या सीताबर्डीतल्या डिझाइन स्टुडिओला बर्लिनच्या स्टुडिओकडून कोटेशन, करार, वसुली शिकायचीय. कॉलवर, की तिथे जाऊन?

खर्चात तुलनाच नाही. भेटीला विमानभाडं, 90 युरो शेंगेन व्हिसा फी, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा. कॉलला फक्त वेळ जुळवायची: हिवाळ्यात आपले दुपारचे अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे दहा.

कागद कॉलवरच नीट कळतो. दोघांनी खरं कोटेशन, ग्राहकाचं नाव झाकून, स्क्रीनवर ठेवावं. दुरुस्तीच्या किती फेऱ्या फुकट, ॲडव्हान्स किती, एवढंच विचारावं. त्यांचा करार जसाच्या तसा उचलू नका, त्यात आपला टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) नसतो. घोळ होतो तो ‘हो, बघू’मुळे: आपला नम्र नकार, त्यांना वाटतो होकार. ठरलेलं त्याच दिवशी लिहून पाठवा.

ग्राहकाला तोंडावर ‘नाही’ कसं म्हणतात, ते मात्र तिथे आठवडाभर बसूनच दिसतं.

करार सुधारायचा तर कॉल पुरे. एकत्र प्रकल्प करायचा तर चार-सहा कॉलनंतर भेट.