स्टीलचा २५ लिटरचा बंब: पाणी झकास तापतं, पण झाकण आणि पाइपचं तेवढं बघून घ्या

आमचं गाव वाई तालुक्यात, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यात बोट घालवत नाही आणि लाइटचा काही भरवसा नाही, त्यामुळं गिझर असून नसल्यासारखा. म्हणून साताऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानातून लाकडावर पाणी तापवायचा हा बंब आणला. जुना खाली तोटीवाला नाही, नवीन प्रकारचा. वर नरसाळं असतं, त्यात गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीनं तळाला जातं आणि वरचं तापलेलं पाणी बाजूच्या तोंडातून बादलीत पडतं. जेवढं ओताल तेवढंच निघणार.

मला हा प्रकार आवडला तो सोयीपेक्षा दुसऱ्याच कारणानं. तोटीवाल्या बंबात पोरं आंघोळीच्या घाईत सगळं पाणी काढून मोकळी होतात आणि खाली जाळ चालूच. आत पाणी आहे तोवर मधल्या, जाळ-धुराच्या नळीचा पत्रा १०० डिग्रीच्या फार वर जात नाही, पाणी संपलं की तो लालच व्हायला लागतो आणि जुन्या बंबाचा डाग दिलेला सांधा असेल तर तो वितळून सुटतो, कारण डागाचं कथील २३० डिग्रीच्या आसपासच पातळ होतं. असा कोरडा तापलेला बंब दिसला तर घाबरून त्यात पाणी ओतू नका, भसकन वाफ तोंडावर येते, आधी जाळ ओढून काढा आणि गार होऊ द्या. नरसाळ्याच्या बंबात गार पाणी घातल्याशिवाय गरम येतच नाही, म्हणजे तो आपोआप भरलेला राहतो. तरी पेटवायच्या आधी तोंडातून पाणी बाहेर पडेपर्यंत भरायचा हा नियम आमच्याकडं सगळ्यांना सांगून ठेवलाय.

आता तक्रार. झाकणाला रबराची रिंग आणि वर फिरकी, म्हणजे घट्ट बसतं. दुकानदार म्हणाला वाफ वाया जात नाही. अहो वाफ वाया गेलेलीच बरी! पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि तोंडात क्षार साचून किंवा कुणी बोळा कोंबून वाट बंद झाली तर काय होईल ते सांगायला नको. मी रिंग काढून टाकली, झाकण नुसतं ठेवलेलं असतं.

याच्याहून डेंजर सल्ला प्लंबरनं दिला, की वरच्या टाकीची लाइन डायरेक्ट जोडू, पुढं कॉक लावू, एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकू, झाला गिझर. बिलकुल करू नका. एनआरव्हीमुळं पाणी मागं जाणार नाही, कॉक बंद असेल तर पुढं जाणार नाही, आणि खाली लाकडं जळतायत ज्यांना थर्मोस्टॅट नावाची गोष्ट नाही. टाकीला जोडायचाच असेल तर बंबातून टाकीच्या पाण्याच्या पातळीच्याही वर जाणारा उघडा पाइप हवा, मध्ये एकही कॉक नको, आणि बंब तेवढं प्रेशर सोसणारा हवा. हा पत्रा तसला नाही. आम्ही आपलं बादलीनंच ओततो.

बसवताना फरशीवर चार विटा ठेवून त्यावर ठेवलाय, सपाट, हलत नाही. न्हाणीच्या आत मात्र ठेवला नाही. बाहेर पडवीत आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि दार लावून आंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध हरपते. थंडीत निखाऱ्यांचं घमेलं आत घेऊन बसणारे लोकही याच कारणानं जातात. सोबत दिलेला धुराचा पाइप अगदीच आखूड निघाला, धूर पडवीच्या पत्र्याखालीच घुटमळायचा. जास्तीचा पाइप घेऊन पत्र्याच्या वर चांगला तीन फूट काढला, वर टोपी बसवली, तेव्हा कुठं ओढ आली. पडवीला लाकडी वासे असतील तर पाइप त्यांच्यापासून दीड फूट तरी लांब ठेवा, आणि पीव्हीसीचा पाइप, वायर, वाळत घातलेले टॉवेल आसपास नकोत.

जाळायला करवंट्या, मक्याची बुरकुंडं, शेणी, वाळक्या काटक्या. पाणी वीसवरून साठ डिग्रीवर न्यायला वाळलेलं सरपण साधारण किलोभर पुरतं, विजेवर तेच सव्वा युनिट झालं असतं. ओली लाकडं घातली की धूर जास्त, जाळ कमी आणि नळीत डांबरासारखी काजळी धरते, ती एखाद्या दिवशी स्वतःच पेट घेते. दर पंधरवड्याला ब्रशनं नळी झाडतो. प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या, प्लास्टिक नाही म्हणजे नाही. काजूची टरफलंसुद्धा नको, त्यातल्या तेलाचा धूर फार झोंबतो.

बाजूचं तोंड लहान पोराच्या डोक्याएवढ्या उंचीवर येतं हे मला खटकलं. साठ डिग्रीचं पाणी पाच-सहा सेकंदांत भाजतं, आणि उकळी आलेली असताना भसाभस ओतलं तर ते उसळून बाहेर येतं. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, मग सावकाश ओतायचं, आणि ओतायला मोठं माणूसच.

तांब्याचा का नाही घेतला असं बरेच जण विचारतात. दिसायला देखणाच, पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत बघून आलो होतो, पण तांबं वजनावर मिळतं आणि वर घडणावळ, तेवढं बजेट नव्हतं. तांबं उष्णता स्टीलच्या वीसेक पट जास्त वाहून नेतं हे खरंय, पण पत्रा इतका पातळ असतो की आंघोळीच्या पाण्याला फार फरक पडू नये, नळीत काजळीचा थर धरला तर जास्त पडतो. आमच्या बोअरच्या पाण्यानं आत पांढरे क्षार धरतात, लिंबूसत्व घालून रात्रभर ठेवलं की निघतात.

पाचपैकी साडेतीन. एक स्टार झाकणाचा कापला, अर्धा पाइपचा. घेताना जाळी आणि राखेचा ट्रे सुटा निघतो का ते दुकानातच ओढून बघा, आमच्या पाहुण्यांच्या बंबाची जाळी आत वेल्ड केलेली आहे आणि ते राख चमच्यानं काढत बसतात.