नमपाय: जुन्या पायथनला रामराम, पण रीतसर

चार तारे. आमचा एक सर्व्हर अजून पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या ३.८ आवृत्तीवर अडकलाय. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. तिथे नमपाय (आकडेमोडीची पायथन लायब्ररी) टाकलं तर पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने, मुकाट्याने तिची १.२४ आवृत्ती उचलली, कारण १.२५ ला किमान पायथन ३.९ लागतं हे पॅकेजमध्येच नोंदलेलं असतं. दुसऱ्या एका लायब्ररीने (नाव घेत नाही) साध्या पॅच (किरकोळ दुरुस्तीच्या) आवृत्तीत ३.८ चा आधार काढला, नोंद कुठेच नाही. रात्री अकराला सिंटॅक्स एरर!

१.२५ च्या वेळचा नमपायचा हिशेब उघड होता: मागच्या ४२ महिन्यांत आलेल्या पायथन आवृत्त्या सांभाळायच्या. एक तारा कापला, कारण पायथन स्वतः प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं सांभाळतं. मधलं दीड वर्ष आमच्यासारखे लोंबकळले.